आंब्यावरची सीतेची वेणी: ती बांडगूळ नव्हे, आणि रानात ती नेमकी कुठे असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीजवळ तुमच्या शेताच्या बांधावर आजोबांच्या वेळचा रायवळ आंबा आहे. मृगाच्या सुमारास त्याच्या खोडावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांच्या वेण्या लोंबतात. वडील म्हणतात, हे बांडगूळ आहे, याच्यामुळेच आंबा धरत नाही, या उन्हाळ्यात माणूस लावून खरवडून टाकूया. तुम्हाला ती सीतेची वेणी वाटते. तसं असेल तर ती रानात कुठे उगवते आणि त्यातलं एखादं रोप काढून बेळगावच्या घरी लावता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. सोबत दोन फोटो आहेत.

आधी महत्त्वाचं सांगतो. ते बांडगूळ नाही. खरवडू देऊ नका. पहिल्या फोटोत सीतेची वेणीच आहे. दुसऱ्या फोटोत मात्र ती नाही, तिची चुलत बहीण आहे. म्हणजे तुमच्या एका आंब्यावर निदान दोन जातींच्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, नांदताहेत. छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातले जवळजवळ सगळे पावसाळे खानापूरच्या रानात घालवले. तरी दोघींना एकाच खोडावर एकाच आठवड्यात फुललेलं पाहिलं की मी अजूनही थांबतो.

वडिलांच्या म्हणण्याकडे आधी वळतो, कारण आमरी वाचवायची असेल तर त्यांनाच पटायला हवं. बांडगूळ खरोखरच आंब्याचं शत्रू आहे, त्यात ते चूक नाहीत. बांडगूळ फांदीच्या आत घुसतं. जिथे घुसतं तिथे फांदीला गाठ येते आणि त्या गाठीतून ते झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं. गाठीपुढची फांदी हळूहळू वाळत जाते. त्याची पानं चामड्यासारखी जाड, फुलं नळीसारखी, केशरी-लालसर. फळाचा गर इतका चिकट की फुलटोच्या ते फळ खातो आणि बी फांदीवर घासून पुसून टाकतो, तिथेच ते रुजतं. म्हणून बांडगूळ बहुतेक वेळा बारीक, टोकाकडच्या फांद्यांवर असतं.

आमरी आत घुसत नाही. ती सालीवर बसते, एवढंच. आंब्याखाली उभे राहून वडिलांना तिची मुळं दाखवा. पांढरट-राखाडी, करंगळीपेक्षा थोडी बारीक, सालीवर चिकटून लांबवर पसरलेली आणि काही तर हवेतच लोंबकळणारी. एखादं वाळलेलं मूळ नखाने हलकेच उचललं तर खाली साल जशीच्या तशी दिसते. ना छिद्र, ना गाठ, ना डिंक. ती झाडाकडून घेते ती फक्त बसायला जागा. पाणी पावसाचं आणि दवाचं, खत सालीच्या भेगांत कुजलेल्या पानांचं आणि धुळीचं, आणि अन्न तिच्या स्वतःच्या हिरव्या पानांत तयार झालेलं.

हे इतकं समजावून सांगतोय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका काकांनी आमराई साफ करायला माणसं लावली. मे महिन्याचा शेवट होता. मी पोहोचलो तेव्हा बांधाशी बैलगाडीभर ढीग पडला होता. त्यात बांडगूळ असेल चार पेंढ्या, बाकी सगळ्या आमऱ्या, मुळांसकट ओरबाडलेल्या. त्यांच्या बगलेतून फुलांचे दांडे निघालेले होते, कळ्या अजून हिरव्या. दोन दिवसांनी रोहिणीचा एक वळीव झाला आणि तिसऱ्या दिवशी त्या ढिगातल्या कळ्या उमलल्या. उपटलेल्या रोपानेही पानात साठवलेल्या पाण्यावर फूल पूर्ण केलं होतं. काकांनी ते पाहिलं, काही बोलले नाहीत. राहिलेल्या चार झाडांना त्यानंतर कुणी हात लावला नाही. पण खरवडलेल्या झाडांवर पुढच्या वीस वर्षांत मला सीतेची वेणी पुन्हा दिसलेली नाही. असं का होतं ते पुढे सांगतो. तुमच्या सगळ्या प्रश्नांची मेख तिथेच आहे.

आता फोटोंकडे. पहिला फोटो: पानं लांब, जाड, मधे पन्हाळीसारखी दुमडलेली, अंगावर फिकट उभ्या रेघा. टोक बघा, उंदराने कुरतडल्यासारखं, दोन असमान तुकड्यांत तुटलेलं. फुलांचा दांडा पानांच्या बगलेतून निघून सरळ खाली लोंबतो. फुलं इतकी दाट की मधला दांडा दिसतच नाही. एका वेणीत शंभराहून जास्त फुलं असू शकतात आणि लांबी हातभर भरते. एकेक फूल मात्र जेमतेम दोन सेंटिमीटरचं: पांढऱ्यावर जांभळट-गुलाबी ठिपके, मधली ओठासारखी पाकळी गडद गुलाबी, तिच्या मागे दोन्ही बाजूंनी चेपलेली छोटी पिशवी. तिचं शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा. पहिला शब्द फुलातल्या चोचीसारख्या मधल्या भागावरून, दुसरा पानाच्या बोथट टोकावरून आला आहे. लिनियसने १७५३ मध्ये तिची नोंद केली ती एपिडेंड्रम या नावाखाली. झाडावर बसणाऱ्या बहुतेक आमऱ्या तेव्हा त्याच एका गाठोड्यात होत्या.

दुसरा फोटो: खोड आखूड, पानं रुंद आणि कडक. वेणी लोंबतेच, पण विरळ आहे. फुलांच्या मधून दांडा स्पष्ट दिसतो, आणि तुमच्या फोटोत तर त्याला एक फाटाही फुटलाय. फुलं मोठी, फिकट गुलाबी, त्यावर जांभळे ठिपके, आणि खालची पाकळी पसरट, एकदम गडद. ही एरिडिस मॅक्युलोसा. ही भारताबाहेर कुठेही उगवत नाही. आपल्या भागात खऱ्या सीतेच्या वेणीपेक्षा हीच जास्त दिसते, कारण हिला थोडा कमी पाऊसही चालतो. कणकुंबीकडे गेलात तर तिसरीही भेटेल, एरिडिस क्रिस्पा. तिचं खोड लांब वाढतं, फुलं आणखी मोठी, पांढरी-गुलाबी, सुवासिक, आणि पिशवीचं टोक शिंगासारखं पुढे वळलेलं. ती फक्त सह्याद्रीची. गावाकडे या तिघींनाही लोक सरसकट सीतेची वेणी म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही. पण रान समजून घ्यायचं असेल तर तिघींना वेगळं ओळखायला हवं, कारण तिघींच्या जागा वेगळ्या आहेत.

नावाची एक गोष्ट मला फार आवडते. आपण मराठीत हिला सीतेची वेणी म्हणतो. मलनाडातले कन्नड लोक सीताळे दंडे म्हणतात, आणि दंडे म्हणजे केसात माळायची फुलांची माळ. भाषेवरून आपल्याकडे काय काय झालं ते वेगळं सांगायला नको. पण फूल पाहून दोन्ही भाषांना सीतेचीच आठवण झाली आणि दोघींनीही ते तिच्या केसात माळलं. तिकडे आसामात हीच आमरी कपौ फूल. बिहूच्या नाचात मुली ती अंबाड्यात खोवतात, आणि आसामचं ते राज्यफूल आहे. तिथे ती बिहूच्या वेळी, एप्रिलमध्येच फुलते. आपल्याकडे मेच्या अखेरीपासून जूनभर, म्हणजे शिवारात धूळवाफेची पेरणी होऊन भात वर डोकावायला लागलेलं असतं तेव्हा.

आता ती रानात कुठे उगवते याकडे येतो. बेळगाव जिल्हा हा पावसाच्या बाबतीत एक जिल्हा नाहीच. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडे जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त बेळगाव शहरात, साधारण १३०० मिलिमीटर. शहर सोडून पश्चिमेला निघालात की दर पाच-सात किलोमीटरला तो वाढत जातो. मलप्रभा जिथे उगम पावते ती कणकुंबी ७९२ मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या अगदी कडेला. भीमगड अभयारण्याच्या पोटातलं आमगाव कर्नाटकातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांत मोडतं. हा चढता पाऊस तुम्हाला आकड्यांशिवायही वाचता येतो, झाडांच्या खोडांवर. किणयेपर्यंत बांधावरच्या आंब्यांची खोडं कोरडी, राखाडी. कुसमळीचा पूल ओलांडला की सालीवर दगडफुलासारखे ठिपके आणि पातळ शेवाळ दिसायला लागतं. जांबोटीनंतर खोडं हिरवी होतात. कणकुंबीला तर फांदीवरही शेवाळाची गादी असते आणि तिच्यात बाशिंगाची नेची उभी.

सीतेची वेणी या पट्ट्याच्या मधल्या भागातली आहे. जिथे चार महिने भरपूर पाऊस आणि नंतर तितकाच खणखणीत कोरडा काळ असतो, अशा पानझडी आणि निमसदाहरित रानात. जांबोटीचा परिसर, खानापूरहून हेम्माडग्याकडे जाणारा रस्ता, लोंढा, तिथून पुढे उत्तर कन्नडातलं कॅसलरॉक, दांडेलीची बाजू. इकडे महाराष्ट्राच्या हद्दीत चंदगड, तिलारी, आंबोली. सीमारेषेचं त्या बियांना काही माहीत नाही. वारा नेईल तिकडे त्या जातात.

झाड कुठलं, हा त्याहून मोठा प्रश्न. मी शिकवायला लागलो तेव्हा झाडांची यादी करत हिंडायचो. एकदा भीमगडच्या वाटेवर एका गवळी धनगर म्हाताऱ्याने मला थांबवलं. आम्ही पुढे सगळेच त्यांना मामा म्हणायला लागलो. ते म्हणाले, "मास्तर, झाडाचं नाव काय लिवतासा, साल बघा की." आणि शेजारशेजारच्या दोन झाडांवर हात ठेवला. एक ऐन, ज्याला आपल्याकडे बरेच जण मत्तीच म्हणतात. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी, खोल चौकोनी भेगांची. दुसरा नाणा. त्याचं खोड पांढरट, गुळगुळीत, साल पापुद्र्यांनी गळून पडणारी. ऐनावर मानेच्या उंचीपासून वर आमऱ्याच आमऱ्या होत्या, नाण्यावर एकही नाही. त्या दिवसापासून मी यादीत झाडाच्या नावाशेजारी सालीचं वर्णन लिहायला लागलो.

म्हणून तुम्ही रानात शोधायला निघालात तर साल बघा. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, हिरडा, जुना आंबा, जुना फणस. भेगाळ, टिकून राहणारी, पाणी थोडा वेळ धरून ठेवणारी साल. नाण्यावर, निलगिरीवर वेळ घालवू नका, त्या झाडांची साल दरवर्षी बदलते. बी रुजून रोप नीट बसायला काही वर्षं लागतात, आणि तोवर पायाखालची साल निघून गेलेली असते. झाडाचं वयही महत्त्वाचं. मांडीएवढ्या जाडीच्या ऐनावर मला सीतेची वेणी क्वचितच दिसली. दोन माणसांच्या कवेत न मावणाऱ्यावर ती हटकून असते.

मग उजेड. हिला डोक्यावर रणरणतं ऊनही नको आणि मिट्ट सावलीही नको. म्हणून रानाच्या कडेला, ओढ्याकाठी, रस्त्यालगत, देवळाच्या आवारात आणि तुमच्यासारख्या बांधावरच्या एकट्या झाडांवर ती खालीच, खोडावर आणि पहिल्या दुबेळक्यात दिसते. भीमगडच्या दाट रानात मात्र लोक दिवसभर फिरून हात हलवत परत येतात आणि म्हणतात, इथे काही नाही. असते, पण उजेडाच्या मागे ती वीस-पंचवीस मीटरवर गेलेली असते. तिथे दुर्बीण हवी. किंवा मृगाच्या पहिल्या वादळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीकडे बघत चाला, पडलेल्या फांद्या तुम्हाला वरची सगळी बातमी सांगतात.

देवराया हे या बाबतीत माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. खानापूर तालुक्यात गावोगावी देवाच्या नावाने राखलेले रानाचे तुकडे आहेत. काही जेमतेम गुंठ्यांत मोजण्याएवढे. तिथे फांदी तोडली जात नाही, वाळलेलंही उचललं जात नाही. बाहेरच्या रानात राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला), गोठ्यात अंथरायला ऐन-किंजळीच्या फांद्या वर्षानुवर्षं तोडल्या गेल्या. ते शेतीसाठी लागत होतं, त्यात कुणाला दोष देण्यासारखं नाही. पण त्या झाडांवर जुनी फांदीच उरली नाही. देवराईतल्या तशाच झाडावर पाऊल टाकायला जागा नसते इतकी वस्ती असते. वर बाशिंग, त्याच्या कुजलेल्या पानांत सिंबिडियम या आमरीचे झुबके, मधे सीतेची वेणी, आणि बारक्या फांद्यांवर डेंड्रोबियम या आणखी एका आमरीच्या काड्या. त्या काड्या हिवाळ्यात पानं टाकून वाळल्यासारख्या दिसतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्यावर पांढरी फुलं येतात.

आता ती मेख सांगतो. खरवडलेल्या आंब्यावर वीस वर्षांत ती परत का आली नाही?

आमरीचं बी तुम्ही पाहिलं नसेल. वाळलेली शेंग फुटते तेव्हा आतून पिठासारखी पूड उडते. त्या पुडीचा एकेक कण म्हणजे बी. एका शेंगेत हजारोंनी असतात. भाताच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी बांधलेली असते, तशी या बियांत काहीच नसते. म्हणून वाऱ्यावर ते कितीही लांब जाऊ शकतं, पण एकट्याने रुजू शकत नाही. सालीच्या भेगेत एक विशिष्ट बुरशी आधीपासून असावी लागते. ती बुरशी बियांत शिरते, आणि पहिली हिरवी पानं येईपर्यंत त्या कोवळ्या गोळ्याला तीच जगवते. अमेरिकेतल्या लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं की प्रयोगशाळेत साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवायही आमरीचं बी रुजतं. आज रोपवाटिकांत मिळणारी रोपं त्याच पद्धतीच्या जोरावर तयार होतात. पण तुमच्या आंब्यावर प्रयोगशाळा नाही. तिथे लागते जुनी साल, भेगेत साठलेली चिमूटभर माती, ओलावा, ती बुरशी, आणि जवळपास फुलणारं आईझाड. यातलं एक नसलं तरी काम होत नाही. रुजलेलं रोप फुलायला पुन्हा कित्येक वर्षं. खरवडणारा माणूस विळ्याने रोप काढतो तेव्हा साल, शेवाळ, माती सगळंच नेतो.

आणि जे एकदा बसलं त्याची टिकायची तयारी बघण्यासारखी असते. मेमध्ये एखाद्या दुपारी तुमच्या आंब्याच्या मुळांवर तांब्याभर पाणी हळू ओता आणि घड्याळ न बघता उभे राहा. पांढरट मूळ डोळ्यांदेखत काळपट-हिरवं होतं, आधी ठिपके ठिपके, मग सगळंच. मुळावर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना त्यात हवा असते म्हणून ते पांढरं दिसतं. पाणी मिळताच ते भरून घेतं आणि आतला हिरवा थर बाहेर दिसायला लागतो. होय, मुळातही हरितद्रव्य असतं, मूळही अन्न करतं. वळवाची सर दहा मिनिटांची असली तरी तेवढ्यात तिचं काम होतं. अशा जाड पानांच्या बऱ्याच आमऱ्या दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडून हवा घेतात, म्हणजे पाणी उडत नाही. आपल्याकडचा फेब्रुवारी ते मेचा कोरडा काळ ती अशीच काढते. वडिलांना हा तांब्याचा प्रयोग नक्की दाखवा. मी इतकी वर्षं वर्गात जे फळ्यावर समजावलं त्यापेक्षा या एका तांब्याने जास्त लोकांना पटलं आहे.

फुलं असतील तेव्हा आणखी एक करा. आगपेटीची काडी घ्या आणि तिचं मागचं टोक एका फुलाच्या मधल्या चोचीखाली हलकेच घालून बाहेर काढा. काडीच्या टोकाला पिवळे दोन गोळे, एका देठावर, चिकटून येतील. ते परागकण. इतर फुलांत ते सुटे उडतात, इथे दोन गाठोड्यांत बांधून ठेवलेले असतात आणि खाली गोंद लावलेला असतो. फुलावर आलेला कीटक ते अंगावर घेऊन जातो. एकदाच करा, एकाच फुलावर. मुलांना सोबत घ्या.

बेळगावच्या घरी लावण्याबद्दल. तुमच्या आंब्यावरचं जिवंत, घट्ट बसलेलं रोप काढू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. मुळं सालीला इतकी चिकटलेली असतात की ती तुटल्याशिवाय निघत नाहीत, आणि तुटक्या मुळांचं रोप वर्ष-दोन वर्षं झुरून बरेचदा जातं. रानातून आणण्याचा तर विचारही नको. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथून झाडाचं पानही नेणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बाकी वनखात्याच्या जमिनीवरूनही, फांदी पडलेली असली तरी, परवानगीशिवाय काही उचलू नये. रस्त्याकडेला पिशवीत घालून कुणी विकत असेल तर घेऊ नका. ते रोप रानातलंच असतं, आणि आपण घेतलं की पुढच्या आठवड्यात तो दुसरं आणतो. हवंच असेल तर बियांपासून वाढवलेलं रोप देणारी रोपवाटिका शोधा. अशी रोपं लहान, एकसारखी आणि कोवळ्या मुळांची असतात. जंगली रोपाची मुळं जुनी, तुटलेली आणि सालीचे तुकडे चिकटलेली. एवढी खूण पुरते.

मात्र तुमच्या स्वतःच्या आंब्याची फांदी वादळात मोडली आणि तिच्यावर रोप असेल, तर ते वाचवणं तुमचं कामच आहे. सालीचा तुकडा मुळांसकट सुटा करा, मुळं मोकळी करायच्या भानगडीत पडू नका. शक्य असेल तर त्याच आंब्याच्या दुसऱ्या मजबूत फांदीवर बांधा, बेळगावला नेण्याआधी ही जागा बघा. घरी न्यायचंच तर आंबा, फणस, चिकू अशा टिकाऊ सालीच्या झाडावर. पेरूवर बांधू नका. माझं पहिलं रोप मी पेरूवर बांधलं होतं, साल सोलली आणि ते रोप दोरीसकट खाली आलं. त्याआधीचं एक कुंडीत, शेणखत घातलेल्या मातीत लावलं होतं. एका पावसाळ्यात त्याची मुळं काळी पडून लिबलिबीत झाली. या मुळांना हवा लागते, मातीत ती गुदमरतात. ही दोन रोपं गेली ती माझ्या अज्ञानाने, आणि तुम्ही तीच चूक करू नये म्हणून सांगतोय.

बांधायला काथ्याची दोरी किंवा जुन्या सुती लुगड्याची पट्टी घ्या. काही काळाने ती कुजते, तोवर मुळं धरतात. तार, नायलॉन, प्लास्टिक नको, ते सालीत रुततं. मुळांवर माती, शेण, शेवाळाचा जाड थर काही लावू नका. रोप सरळ उभं न बांधता थोडं पुढे कललेलं बांधा, म्हणजे पावसाचं पाणी पानांच्या बेचक्यात साचून गाभा कुजणार नाही. वेळ जूनचा शेवट किंवा जुलै, नवीन मुळांची हिरवी टोकं दिसायला लागतात तेव्हा. दसऱ्यापर्यंत हलकेच हलवून पाहा, रोप हललं नाही तर बसलं. पहिले दोन उन्हाळे सकाळी मुळांवर पाण्याचा फवारा द्या. नंतर तेही लागत नाही.

राहिला आंबा न धरण्याचा प्रश्न. रायवळ आंबा एक वर्ष भरभरून धरला की पुढच्या वर्षी बहुधा विश्रांती घेतो, हा त्याचा स्वभाव. आणि आपल्याकडे मोहोराच्या दिवसांत जे धुकं पडतं, त्यात तुडतुडे वाढतात, भुरी येते, मोहोर काळा पडून गळतो. माझा अंदाज तिकडे आहे. तुमच्या पहिल्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, उजवीकडच्या बारक्या फांदीवर एक गोल झुबका दिसतोय. तो मोठा करून बघितला, ते मात्र खरं बांडगूळ आहे. वडिलांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबरच निघालं. ते जरूर काढा. नुसतं झुबका ओढून काढलात तर गाठीतून पुन्हा फुटेल. गाठीच्या मागे वीतभर अंतर सोडून ती फांदीच कापा, आणि त्याची फळं पिकायच्या आत कापा, म्हणजे फुलटोच्या बी दुसऱ्या फांदीवर नेणार नाही. माणूस लावाल तेव्हा स्वतः झाडाखाली उभे राहा आणि कुठली फांदी कापायची ती बोटाने दाखवा.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा फोटो काढाल तर तीन हवेत: एक फूल बाजूने, मागची पिशवी दिसेल असं; एका पानाचं टोक; आणि मुळं जिथे सालीला चिकटलीत ती जागा. आंब्याच्या दक्षिणेकडच्या दुबेळक्यात, दुसऱ्या फोटोत डावीकडे खाली, मला दोन पानांचं बोटाएवढं एक पिल्लू दिसल्यासारखं वाटतंय. ते काय आहे ते त्या तीन फोटोंवरून सांगता येईल.